भाषेवरून आमचं राज्य ठरवू नका: जतच्या पूर्व भागातून एक खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्र आणि कर्नाटकात सीमाप्रश्नावर बोलणारे सर्व पक्षांचे नेते,
तसेच सांगली जिल्ह्याचे सर्व लोकप्रतिनिधी यांस,

स. न. वि. वि.

शाळा सुरू झाल्यावर आमच्या वस्तीवरचे काही पालक एका सरकारी कार्यालयात निवेदन द्यायला गेले होते. मीही त्यांच्यात होते. मागणी साधी होती. आमच्या कन्नड माध्यमाच्या प्राथमिक शाळेला कन्नड येणारा शिक्षक द्या. निवेदन वाचून झाल्यावर टेबलापलीकडून उत्तर आलं, "कन्नडच पाहिजे तर कर्नाटकात जावा की. हा महाराष्ट्र आहे." आमच्यातले दोन म्हातारे काही न बोलता उठून बाहेर गेले. आम्ही बाकीच्यांनी पोच घेतली आणि एसटी धरली.

त्या माणसाचं नाव मी घेणार नाही, कारण ते वाक्य त्याच्या एकट्याचं नाही. ते तुमच्या सभांमधून, टीव्हीवरच्या तुमच्या चर्चांमधून झिरपत त्या टेबलापर्यंत आलं आहे. म्हणून हे पत्र तुम्हाला, आणि चार लोकांनी वाचावं म्हणून उघड.

मी कोण ते सांगते. माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, विट्याजवळचं. सासर जत तालुक्याच्या पूर्व टोकाला, जिथून विजापूर जवळ आणि सांगली लांब. आम्ही डाळिंब करतो, पाऊस झाला तर शाळू करतो. लग्न होऊन आले तेव्हा मला कन्नडचं एक अक्षर येत नव्हतं. सासूबाईंना मराठी सगळं कळायचं, पण बोलायच्या कन्नडच. आज माझी मुलं आजीशी कन्नड बोलतात, माझ्याशी मराठी, आणि आपसात भांडताना जे तोंडात येईल ते. मुलांची मातृभाषा कोणती लिहायची यावर आमच्या घरात चर्चा झालेली आहे. आपलं राज्य कोणतं आणि देश कोणता, यावर कधीच झालेली नाही. ती चर्चा फक्त तुमच्याकडे होते.

माझा सख्खा भाऊ गलाई व्यवसायात आहे. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली किती कुटुंबं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली आहेत, हे जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींना मी सांगायला नको. निवडणुकीत त्यांच्या मतांसाठी तुम्ही गाड्या पाठवता. भाऊ केरळात, त्रिशूरला असतो. त्याची मुलगी फाडफाड मल्याळम बोलते. यात्रेला गावी आली की मराठी बोलताना अडखळते आणि आजीच्या पदराआड लपते. तिथल्या कुणी माझ्या भावाला "मराठीच पाहिजे तर महाराष्ट्रात जा" म्हटलं, तर विट्यात मोर्चा निघेल आणि तुम्ही त्या मोर्च्याच्या पुढे असाल. असायलाच हवं. मग माझ्या सासरच्या माणसांना तेच वाक्य ऐकवलं जातं तेव्हा तुम्ही गप्प का?

तुमच्या बोलण्यात दोन गोष्टींची गल्लत होते, आणि तिची किंमत आम्ही मोजतो. माणसाची भाषा, कूळ, घराण्याचा देव, लग्नातल्या रीती, ताटातलं जेवण या सगळ्यातून त्याची वांशिक ओळख बनते. ती कुणी अर्ज करून मिळवत नाही. आईच्या मांडीवर असतानाच ती अंगात येते. राष्ट्राचं तसं नाही. वेगवेगळ्या मांड्यांवर वाढलेली माणसं एका कायद्याखाली, समान हक्कांनी एकत्र राहायचं ठरवतात आणि ते ठरवणं पिढ्यानपिढ्या पाळतात, त्यातून राष्ट्र उभं राहतं. आपली घटना "आम्ही भारताचे लोक" अशी सुरू होते. नागरिकत्वाची कलमं ५ ते ११ वाचून पाहा. जन्म, आईवडील, वास्तव्य यांचा विचार तिथं आहे, मातृभाषेचा नाही. आणि राज्याचं वेगळं नागरिकत्व तर आपल्या घटनेत नाहीच. नागरिकत्व एकच, भारताचं. महाराष्ट्रात कन्नड बोलणारा माणूस कुणाचा पाहुणा नाही, आणि कर्नाटकात मराठी बोलणाराही नाही.

जगात डोकावलं तरी हेच दिसतं. कोरियात लोक एका वंशाचे, भाषा एक, तरी १९४८ पासून राष्ट्रं दोन. स्वित्झर्लंडमध्ये राष्ट्रीय भाषा चार आणि राष्ट्र एक. बंगाली माणूस कोलकात्यात भारतीय आहे आणि ढाक्यात बांगलादेशी, दोघांच्या घरात मासे-भात तोच. धर्म एक म्हणून १९४७ साली बांधलेला पाकिस्तान १९७१ साली तुटला, कारण पूर्वेकडच्या माणसांना आपल्या भाषेला आणि मताला तिथं मान आहे असं कधी वाटलंच नाही. वंश, भाषा, धर्म यांतलं काहीही एकट्यानं राष्ट्र धरून ठेवत नाही. अपमान मात्र ते एकटा तोडू शकतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५५ साली, भाषावार राज्यं होण्याच्या तोंडावर, 'एक राज्य, एक भाषा' आणि 'एक भाषा, एक राज्य' या दोन गोष्टी वेगळ्या करून सांगितल्या होत्या. राज्याचा कारभार एका भाषेत चालावा, ही एक बाब. एक भाषा बोलणारे सगळे एकाच राज्यात गोळा करावेत, ही दुसरी, आणि ती त्यांना गरजेची वाटली नव्हती. तुम्ही सगळे त्यांच्या जयंतीला हार घालता. हा भेद मात्र तुमच्या भाषणात कधी ऐकला नाही.

आता आमच्या अंगणाकडे या. माझे आजेसासरे जतच्या डफळे संस्थानात जन्मले. १९४८ साली संस्थान विलीन झालं आणि ते मुंबई राज्यात आले. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला, त्यात आले. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत विजापूर जिल्हासुद्धा याच मुंबई राज्यात होता, म्हणजे त्यांची सासुरवाडी आणि त्यांचं घर एकाच राज्यात. त्या दिवशी विजापूर म्हैसूर राज्यात गेलं आणि सासुरवाडी परराज्यात गेली. १९६० साली महाराष्ट्र झाला, त्याच वर्षी दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. या सगळ्यात आजेसासरे जागचे हलले नाहीत. तेच शेत, तीच विहीर, तीच भाषा. राज्यं त्यांच्याकडे येत गेली, जात गेली. त्या माणसाच्या पणतवंडाला आज कुणीतरी "तिकडं जा" म्हणतं.

ही सरमिसळ आमच्या भागात दडपून ठेवलेली गोष्ट नाही, आमचा तो अभिमान आहे. उमदीच्या भाऊसाहेब महाराजांची परंपरा घ्या. महाराज आमच्या उमदीचे, मठ पलीकडे इंचगेरीला. त्याच परंपरेतले गुरुदेव रा. द. रानडे यांनी महाराष्ट्रातल्या संतांवर लिहिलं आणि कर्नाटकातल्या संतांवरही, दोन्ही सारख्याच जिव्हाळ्यानं. गुड्डापूरच्या दानम्मादेवीला कर्नाटकातून माणसं पायी चालत येतात. वाटेत त्यांना पाणी आणि भाकरी देणारी आम्ही महाराष्ट्राची माणसं असतो, पण वाढताना बोलतो कन्नड. आणि सांगलीकरांना आठवण करून देते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली पहिलं मराठी नाटक रंगवलं ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं, आणि त्यामागची प्रेरणा होती कर्नाटकातून सांगलीत खेळ करायला आलेल्या मंडळींची. ५ नोव्हेंबरला आपण ज्या रंगभूमीचा दिन साजरा करतो, तिच्या पायातला एक दगड कन्नड आहे. सांगलीचा मराठीपणा त्यामुळे तसूभरही कमी झाला नाही.

आता तक्रारी. एकेक सांगते.

पहिली शाळेची, कारण ती रोजची आहे. आमच्या शाळेत आलेले शिक्षक तरुण आहेत, कष्टाळू आहेत, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्यांना कन्नड येत नाही आणि तरी त्यांना कन्नड माध्यमाच्या शाळेवर पाठवलं, यात त्यांचा काय दोष? मी एकदा डबा द्यायला गेले तेव्हा दुसरीच्या वर्गात एक पोरगी बाकाला पोट दाबून बसली होती. "होट्टी नोयाकत्तैती," म्हणत होती, पोट दुखतंय. सर तिला पुस्तक उघडायला सांगत होते. त्यांना वाटलं तिला धडा सापडत नाही. शेवटी चौथीतल्या एका पोराला दुभाषा म्हणून बोलावलं, तो आपला वर्ग सोडून आला. मग सरांनीच तिला उचलून घरी नेलं. पोटदुखी अशी निभावली. बेरीज-वजाबाकी कशी निभावणार? भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय राज्यानं करावी, हे घटनेचं कलम ३५० क सांगतं. ते घटनेत आलं १९५६ साली, ज्या वर्षी राज्यांच्या सीमा बदलल्या त्याच वर्षी. सीमा आखणाऱ्यांना ठाऊक होतं की रेघ कुठेही मारली तरी दोन्ही बाजूंना माणसं उरणार आहेत.

आणि कुणी असं समजू नये की आम्हाला मराठी नको. मराठी आमच्या पोरांना उत्तम यायला हवी. सांगलीत कॉलेजला जायचं आहे, स्पर्धा परीक्षा द्यायच्या आहेत, कोर्टकचेरी मराठीत आहे. पण कन्नड न येणारा शिक्षक दिला की पोराला कन्नडही येत नाही आणि मराठीही येत नाही. पाचवीत मराठी शाळेत गेलेली आमची मुलं मागच्या बाकावर जाऊन बसतात आणि तिथंच राहतात.

दुसरी तक्रार पाण्याची. यावर तुम्ही सर्वांत जास्त बोलला आहात. आमच्या भागातल्या गावांनी पाण्यासाठी कर्नाटकात जायचा ठराव केला होता, तो २०१२ सालचा. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी त्याचा आधार घेऊन जत तालुक्यातल्या ४० गावांवर दावा सांगितला. बंगळुरूत आनंद झाला, मुंबईत संताप झाला. त्या ठरावात काय होतं ते दोन्हीकडे कुणी नीट वाचलं नाही. त्यात वंश नव्हता, भाषा नव्हती, तहान होती. टँकरच्या मागे घागरी घेऊन धावणाऱ्या बाईनं "इथं पाणी देत नसाल तर जिथं देतील तिथं जातो" म्हटलं, तर ती राज्याशी बेइमान होत नाही. आपलं राज्य आपलं ऐकेल असं तिला अजून वाटतं, म्हणून ती त्याच्याशी भांडते. परक्याशी कोण भांडायला जातं?

मग थोड्याच दिवसांत कर्नाटकच्या तुबची-बबलेश्वर योजनेचं पाणी तिकोंडीच्या तलावात आलं. माझ्या सासूबाईंनी तिथं जाऊन ओटी भरली. इकडे महाराष्ट्र सरकारनं विस्तारित म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचा सुमारे दोन हजार कोटींचा आराखडा पुढे आणला, कामालाही हात लागला. दोन्हींबद्दल आम्ही आभारी आहोत, मनापासून. पण इतकी वर्षं जे पाणी वर चढत नव्हतं, ते आमच्यावर दावा सांगितला गेल्याबरोबर हालचालीला लागलं, हे आमच्या पोरांनी पाहिलं आहे. यातून ती काय शिकली असतील याचा विचार करा. नागरिक म्हणून मागितलं तर मिळत नाही, कुणीतरी ओढून नेईल अशी भीती घातली तर मिळतं, हा धडा कुठल्याही राज्यानं आपल्या माणसांना देऊ नये.

तिसरी तक्रार बेळगावच्या नावानं होणाऱ्या आंदोलनांची. बेळगाव, निपाणी, कारवारच्या मराठी माणसाचं दुःख मला समजतं, माझा जीव त्यांच्यासाठी तुटतो. १७ जानेवारी १९५६ ला बेळगावात सांडलेलं रक्त कुणी विसरू नये. पण महाराष्ट्रात यायच्या त्यांच्या मागणीचं बळ कशात आहे ते ध्यानात घ्या. ती माणसं मराठी बोलतात एवढ्यावर ती उभी नाही. त्यांनी आपली इच्छा वर्षानुवर्षं मोर्च्यांतून, मतपेटीतून सांगितली, यावर ती उभी आहे. इच्छेला तिथं मान द्यायचा, तर इथंही द्या. सीमावादासाठी केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगानं १९६७ च्या अहवालात जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडची गावं कर्नाटकाकडे द्यावीत असं सुचवलं. महाराष्ट्रानं तो अहवाल मानला नाही, कर्नाटक त्यावर अडून बसलं, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. या सगळ्या काळात आमच्या गावात येऊन, चावडीवर बसून, "तुमचं काय म्हणणं आहे?" असं विचारणारा नेता मी पाहिलेला नाही. भाषिकांच्या टक्केवारीचे कागद मात्र दोन्हीकडे तयार असतात.

कर्नाटकच्या नेत्यांना एक वेगळं सांगायचं आहे. जतच्या कन्नडिगांसाठी तुमचा जीव तुटत असेल, तर सुरुवात तुमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर (आमचं विट्याजवळचं नव्हे) आणि बेळगाव तालुक्यांतल्या मराठी शाळांपासून करा. तिथल्या मराठी माणसाला सरकारी कागद त्याच्या भाषेत मागताना मान खाली घालावी लागू नये. तुम्ही तिथं जे द्याल, तेच आम्ही इथं मागू शकू.

चौथी तक्रार छोटी वाटेल, पण आजारी माणूस घरात असला की कळते. बेळगावात काही झालं की दोन्हीकडे बसना काळं फासतात आणि सीमेवरून बस बंद होते. २०२२ च्या डिसेंबरात तेच झालं. आमच्या भागातली माणसं दवाखान्याला विजापूरला जातात, कारण ते जवळ आहे. डायलिसिसच्या माणसाला बस बंद म्हणून सांगता येत नाही.

आमच्या मागण्या या आहेत.

जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागातल्या कन्नड माध्यमाच्या प्रत्येक शाळेवर कन्नड येणारे शिक्षक नेमा, आणि त्याच शाळेत पहिलीपासून मराठी शिकवायला एक चांगला मराठी शिक्षक द्या. दोन्ही द्या. एकाच्या बदल्यात दुसरा नको.

रेशन, पीकविमा, लसीकरण, मतदार यादी यांच्या सूचना या गावांत मराठीबरोबर कन्नडमध्येही लावा. मराठी वरती, मोठ्या अक्षरात असू दे. खाली कन्नड असू दे. माझ्या सासूबाईंना मराठी ऐकून कळते, वाचता येत नाही. पीकविम्याची शेवटची तारीख त्यांच्या पिढीच्या माणसांना शेजाऱ्याच्या पोराला विचारावी लागते.

विस्तारित म्हैसाळचं पाणी कोणत्या गावाला कोणत्या महिन्यात पोचणार, त्याचं गाववार वेळापत्रक प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. पाणी येईपर्यंत उन्हाळ्यात तुबची-बबलेश्वरचं पाणी घ्यायचं आणि त्याबदल्यात कर्नाटकाला त्याच्या गरजेच्या वेळी पाणी सोडायचं, असा लेखी करार दोन्ही सरकारांनी करावा. वादावादी झाली की पाणी सुटतं आणि वादावादी थांबली की थांबतं, असं पुन्हा होऊ नये.

सीमेवर कितीही तणाव असला तरी रुग्ण, विद्यार्थी आणि दूध घेऊन जाणारी वाहनं अडवली जाणार नाहीत, असं सर्व पक्षांनी एकत्र जाहीर करावं. बसला काळं फासणारा आपल्या पक्षाचा असेल, तर त्याला पक्षातून काढावं.

आमच्या गावांच्या राज्याबद्दल कोणताही दावा, प्रतिदावा किंवा तडजोड करायच्या आधी प्रत्येक गावाची ग्रामसभा घ्या. बायकांसकट सगळे हजर असलेली ग्रामसभा. ठरावाची भाषा गाव ठरवेल. तोपर्यंत विधानसभेत, बंगळुरूत असो की मुंबईत, आमच्या वतीनं कुणी बोलू नये.

आणि "कन्नडच पाहिजे तर कर्नाटकात जा" हे वाक्य सरकारी कार्यालयात पुन्हा ऐकू आलं, तर त्या कर्मचाऱ्यावर काय कारवाई होईल, हे जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी लेखी कळवावं. त्या कार्यालयात आम्ही पुन्हा जाणार आहोत. ते कार्यालय आमचं आहे.

कळावे,

जत तालुक्याच्या पूर्व भागातली एक शेतकरी आणि मतदार